आत्याचा आवाज परत मागितला तेव्हा

रेडिओवरच्या त्या निवेदकाला मी समोरासमोर विचारलं तेव्हा त्याला काही आठवतच नव्हतं. त्याने जे केलं त्याचा राग होताच, पण त्याच्या कोऱ्या चेहऱ्याचा मला जास्त राग आला. आज दीड वर्ष झालं, तरी तो चेहरा आठवला की माझा हात मशीनवर वाकडा जातो आणि शिवण उसवावी लागते.

मी शहापूरला बायकांचा शिवणवर्ग चालवते. माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला. तिथे माझी आत्या राहते, वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. आमच्या भागात तिला सगळे ओळखतात ते धवलारीण म्हणून. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. घरात लग्न ठरलं की पहिली पानसुपारी आत्याकडे येते, मग बाकी आमंत्रणं. तिला लिहिता-वाचता येत नाही. सगळी गाणी डोक्यात. आणि एक नियम तिने कधी मोडला नव्हता. हळदीचं गाणं हळद लागतानाच म्हणायचं. भात लावताना, दळण निवडताना, चुलीपुढे बसल्यावर ती कधीच गुणगुणायची नाही. त्या वेळी तिला रेडिओ लागायचा.

दुपारी दीड तासाचा एक कार्यक्रम लागतो. गाणी, डॉक्टरांचा सल्ला, स्वयंपाकातली एखादी युक्ती, एक कोडं आणि श्रोत्यांची पत्रं. मी चौथीत होते तेव्हापासून आत्याची पोस्टकार्डं मी लिहायचे. ती ओटीवर बसून सांगायची, "लिही गो, आमी रोज आयकतो. कोड्याचा जवाब नांगर हाय." मी लिहायचे, 'आम्ही आपला कार्यक्रम दररोज आवडीने ऐकतो. कोड्याचे उत्तर नांगर असे आहे.' तिचं बोलणं कार्डावर उतरवायची मला लाज वाटायची. शाळेत 'नाय' म्हटल्यावर छडी खाल्लेली होती. किती कार्डं गेली देव जाणे. एकच वाचलं गेलं, तेही मुरबाडच्या जागी मुरूड म्हणून. समुद्राची गाज ऐकत राहणाऱ्या या आपल्या श्रोत्या, असं काहीतरी तेव्हाची निवेदिका म्हणाली. मी रडकुंडीला आले. आत्या मात्र पोट धरून हसली. "दर्या कुठं बघितलाय मी? पण नाव घेतलान ना?"

आता कार्डं गेली. आता निवेदक दर दहा मिनिटांनी नंबर सांगतो. अमुक नंबरवर फोन करा, तमुक नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, कोड्याचं उत्तर पाठवा, पाककृती पाठवा, आवाज पाठवा. वर्गात आमच्या अकरा मशिनी चालू असतात आणि खिडकीत रेडिओ. मागल्याच्या मागल्या दिवाळीआधी त्याने सांगितलं, "तुमच्या घरातल्या आजीचं जुनं गाणं रेकॉर्ड करून पाठवा. निवडक गाणी आम्ही ऐकवू. आणि लवकरच श्रोत्यांचा मेळावा घेऊन येतोय शहापूरला!" शहापूर म्हटल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच आठवड्यात माहेरी गेले.

भात कापून झालं होतं. आत्या अंगणात पेंढा रचत होती. मी सांगितलं तर ती म्हणाली, "हळद नाय, नवरी नाय, नि गाणं कुठलं म्हणू?"

"आत्या, रेडिओवर येल गो तुझा आवाज."

रेडिओ म्हटल्यावर तिचा हात थांबला. तिने मला विचारलं, "नीट ठेवतील ना गो?"

"ठेवतील," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले? माझं मलाच माहीत नाही. मला तिचा आवाज ऐकायचा होता हे खरं, पण त्याहून मला हे हवं होतं की वर्गातल्या बायकांनी ऐकावं, ही आमच्या बाईंची आत्या.

तिने हात-पाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि हळदीतलं एक गाणं म्हटलं. नवरीची आई हळद लावतेय. पायाला लावते, गुडघ्याला लावते, आणि खांद्यापाशी येऊन म्हणते, माझा हात पुढं जात नाय. कारण हळद पुरी झाली की लेक परक्याची. मग बाकीच्या बाया तिचा हात धरून हळद पुरी करतात. असं ते गाणं.

मी पहिल्यांदा तिला मध्येच थांबवलं. "आत्या, 'जात नाही' म्हण ना. रेडिओ हाय."

तिने प्रयत्न केला. 'नाही' म्हणताना चाल अडखळली. "मेली जीभ वळत नाय," ती म्हणाली, खोकली, पाणी प्यायली आणि पुन्हा आपल्या पद्धतीने सुरू केलं. या वेळी पुरं म्हटलं. हे सगळं एकाच रेकॉर्डिंगमध्ये आलं, खोकला, पाणी, जीभ वळत नाय. मला कापता येत नव्हतं. शाळेमागच्या टेकाडावर रेंज येते, तिथे उभी राहून मी ते तसंच पाठवलं. पाठवताना फोनवर काहीतरी लांबलचक आलं आणि खाली 'सहमत' असं बटण. मी ते दाबलं.

महिन्याभराने संदेश आला की उद्याच्या कार्यक्रमात तुमचं रेकॉर्डिंग आहे. मी वर्गात पेढे वाटले. गावाला फोन करून सांगितलं. आत्याच्या ओटीवर शेजारपाजारच्या दहा-बारा बाया जमल्या होत्या, असं नंतर कळलं.

निवेदक म्हणाला, "आता भेटूया मुरबाडच्या रॅपर आजींना!"

पहिल्यांदा 'मेली जीभ वळत नाय' आलं, मग हशा. तो कुठून आणलेला हशा होता कोण जाणे, स्टुडिओत शंभर माणसं बसल्यासारखा. मग ढोल-ढमाक असा ठेका सुरू झाला आणि त्यावर आत्याचा आवाज. 'जात नाय, जात नाय, नाय, नाय, नाय.' तेवढेच शब्द कापून पुन्हा पुन्हा लावलेले. मध्ये खोकला. खोकल्यावरही हशा. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुम्ही नाय नाय म्हणालात तरी आम्ही हो हो म्हणतो!" आणि पुढचं गाणं लागलं.

वर्गात दोघी-तिघी हसल्या होत्या. त्यांना मी दोष देत नाही, ते हसवण्यासाठीच केलं होतं. मी उठून रेडिओ बंद केला. पेढ्याचा रिकामा खोका कापण्याच्या टेबलावर पडला होता, तो मी उगाचच चुरगाळत बसले.

गावाला फोन लावला. आत्या म्हणाली, "बाय गो, त्यांनी पुरं लावलंच नाय. हळद अर्धीच ठेवली. अर्धी हळद ठेवीत नसतात."

तिला हशाचं तितकं लागलं नव्हतं. नवरीला अर्धी हळद लावून उठवली, तिच्या आवाजात, सगळ्या मुलखासमोर, हे तिला लागलं होतं.

तिथेच थांबलं असतं तर कदाचित मीही विसरले असते. पण कार्यक्रमवाल्यांनी तो तुकडा इंटरनेटवर टाकला. पंधरा दिवसांत तो मुरबाडच्या बाजारात, एसटी स्टँडवर, पोरांच्या फोनच्या रिंगमध्ये पोचला. कोणी कशाला नकार दिला की 'नाय नाय नाय' वाजवायचं, अशी पद्धतच पडली. मग लग्नसराई आली. पलीकडच्या गावात हळदीला आत्या गेली. तिने पहिली ओळ उचलली आणि मांडवाच्या मागून कोणीतरी फोनवर तो तुकडा लावला. मांडव हसला. नवरीसुद्धा हसली, असं माझी भावजय सांगत होती. आत्या थांबली. हातातलं हळदीचं बोट पदराला पुसलं, उठली आणि चालत घरी आली. त्यानंतर दोन घरांची पानसुपारी आली, ती तिने परत पाठवली.

हे ऐकल्यावर मी कार्यक्रमाच्या नंबरवर संदेश पाठवला. ताबडतोब उत्तर आलं. 'आमच्या कार्यक्रमात सहभागी झाल्याबद्दल धन्यवाद!' खाली हसरा चेहरा. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा धन्यवाद आणि हसरा चेहरा. काहीही लिहा, तेच. मी शिवी लिहून पाठवली. धन्यवाद आला. मग मी चांगल्या अक्षरात दोन पानी पत्र पाठवलं. त्याला उत्तर नाही.

मग फोन. फोन आधी एक मुलगी घेते आणि काय बोलणार ते विचारून घेते. मी खोटं सांगितलं की भाचीच्या वाढदिवसाला गाणं हवंय. वीस मिनिटांनी निवेदकाचा आवाज कानात आला. "बोला ताई, कुठून बोलताय?"

"शहापूरहून. तुम्ही मुरबाडच्या एका बाईंच्या हळदीच्या गाण्याची थट्टा केलीत. त्या आमच्या धवलारीण..."

टक्. खिडकीतल्या रेडिओवर तो म्हणत होता, "ताईंचा फोन कट झाला. आपल्या ग्रामीण भागात नेटवर्कचा फार प्रॉब्लेम आहे." माझ्या फोनवर चारही दांड्या होत्या. मी वर्गाच्या मधोमध उभी होते आणि सगळ्या बायकांनी मशिनी थांबवल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना माझ्याइतका राग आलेला दिसला.

मेळावा फेब्रुवारीत झाला, शहापूरच्या एका सभागृहात. मी वर्गातल्या चौघींना घेऊन जाणार होते. आत्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं, पण भावजयीने सांगितलं. सकाळी तिचा फोन आला, "मी येतंय." सरळगावपर्यंत जीप, तिथून किन्हवलीवरून दुसरी जीप, अशी ती एकटी आली. लग्नाला नेसते ते हिरवं लुगडं नेसली होती.

सभागृह भरलं होतं. दाराशीच एक फलक होता, 'तुमचा आवाज, आमची ओळख'. निवेदक खाली फिरून लोकांना हात मिळवत होता. पंचविशी-तिशीतला, हसरा, स्वच्छ कपड्यांतला मुलगा. आमच्या रांगेपाशी आला तेव्हा मी उभी राहिले आणि विचारलं, "तुम्ही माझ्या आत्याच्या गाण्याचं असं का केलंत?"

"कुठलं गाणं ताई?"

मी सांगितलं. तो डोकं हलवत होता. मनात काही हलत नव्हतं हे दिसत होतं. "ताई, आम्ही रोज इतके आवाज लावतो," तो म्हणाला. एका बाईची पानसुपारी बंद झाली आणि ज्याने ती बंद केली त्याच्या डोक्यात त्याची खूणसुद्धा नाही. मग त्याची नजर शेजारच्या हिरव्या लुगड्यावर गेली आणि त्याला आठवलं. तो खरोखर आनंदला. माइक तोंडाशी नेऊन ओरडला, "मित्रांनो, आपल्यात कोण आलंय बघा! नायवाल्या आजी!"

टाळ्या, शिट्ट्या. त्याने माइक आत्याच्या हातात दिला. "आजी, होऊन जाऊ दे! जात नाय, जात नाय!"

आत्याने माइक उलटसुलट करून पाहिला. मग बोलली. तिचा आवाज लग्नघरांत कमावलेला आहे, तिला माइक लागत नाही.

"बाला, तू माझं गाणं अर्धंच लावलंस."

"आजी, तुम्ही तर स्टार झालात!"

"मी धवलारीण हाय. माझ्या आवाजावर पोरींना हळद लागते. तू त्याचं हसं केलंस. आता तो काढून टाक नि माझा मला दे."

तो हसला. "आवाज परत कसा देणार आजी?"

"घेता आला ना तुला? तसाच दे."

काही लोक हसले, मग हसणं विरलं. मागच्या रांगेतली एक बाई, मी तिला ओळखत नाही, उभी राहून म्हणाली, "द्या की त्यांचं त्यांना." आणखी दोघी उठल्या. निवेदकाने इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात कार्यक्रमाची एक अधिकारी बाई लगबगीने आली. एका हातात भेटवस्तूंची पिशवी, कप आणि टोपी दिसत होती. तिने माइक काढून घेतला, आम्हाला बाजूला नेलं आणि माझा नंबर विचारला. आपल्या फोनमध्ये शोधून तिने पडदा माझ्यासमोर धरला.

"हे बघा. रेकॉर्डिंग तुमच्याच नंबरवरून आलंय. आम्ही त्यात बदल करू शकतो, कुठेही वापरू शकतो, असं स्पष्ट लिहिलंय. खाली 'सहमत' तुम्हीच दाबलंय."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तू हो बोललीस?"

"हो आत्या."

मग मी त्या अधिकारी बाईवर जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं आमच्या बोलीत ओरडले. वर्गातल्या बायकांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. आत्या पिशवीला हात न लावता मागून आली.

तिला किन्हवलीच्या जीपमध्ये बसवायला गेले. ती खिडकीशी बसली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा म्हणाली, "मला वाचता येत नाय. तुला येतं. नि तू वाचलं नायस."

जीप गेली. मी तिथे रस्त्यावर किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. त्या निवेदकावर रागवणं सोपं होतं. आता तो राग कुठेही नेला तरी माझ्यापाशीच येऊन बसत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यात तरुण मुलगी म्हणाली, "बाई, फोन एकटीचा कट करतात. अकरा जणींचा रोज करू देत की." मग आम्ही तेच केलं. सहभागी व्हा म्हणून त्यांनी जेवढे रस्ते दिले होते, तेवढ्या सगळ्या रस्त्यांनी आम्ही सहभागी झालो. कोड्याचं उत्तर पाठवायचं, 'नारळ. आजींचा आवाज काढा.' पाककृती पाठवायची, तांदूळ दोन वाट्या, गूळ एक वाटी, आजींचा आवाज काढा. गाण्याची फर्माईश लागली की निवेदकाने 'कोणासाठी?' विचारल्यावर म्हणायचं, 'ज्यांची हळद तुम्ही अर्धी ठेवलीत त्यांच्यासाठी.' एकीचा फोन कापला की दुसरीचा लागायचा. किन्हवलीच्या, वासिंदच्या ओळखीच्या बायांनाही आम्ही सांगितलं. त्यांच्यातल्या एकीने तर डॉक्टरांच्या सल्ल्यात विचारलं, दुसऱ्याच्या आवाजावर हसायचा आजार कशाने बरा होतो? डॉक्टर बिचारे खोकले.

तीन आठवड्यांनी तो तुकडा त्यांच्या पानावरून गेला. रेडिओवर निवेदक म्हणाला, "काही श्रोत्यांच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत." असल्यास! वर्गात मी कात्री आपटली. पोरांच्या फोनमधून तो काही गेला नाही. कुठून जाणार?

आणि आत्या अजून तोच कार्यक्रम ऐकते. मला याचा इतका संताप येतो की विचारू नका. मी फोन केला की मागून त्याचाच आवाज येतो. "बंद कर ना आत्या," मी म्हणते. ती म्हणते, "कशाला? कोडं यायचंय अजून." आमच्यात नीट बोलणं सुरू व्हायला पावसाळा गेला. 'सहमत'चा विषय तिने पुन्हा काढला नाही. मी एकदा माफी मागायला लागले तर म्हणाली, "चहा घे."

या वैशाखात चुलत भाचीचं लग्न झालं, आमच्याच घरातलं. पानसुपारी घेऊन माझी भावजय स्वतः गेली. आत्याने दोन दिवस काही सांगितलं नाही. मग निरोप आला, येते, पण हळद मांडवात नको, घरात. फक्त बाया.

त्या सकाळी मधल्या खोलीत पाटावर नवरी, भोवती बाया, आणि दार लोटलेलं. दाराबाहेर मी बसले. मला कोणी बस म्हटलं नव्हतं. आतून आत्याचा आवाज आला. सुरुवातीला बारीक, मग नेहमीसारखा भरलेला. पायाची हळद, गुडघ्याची हळद. तेवढ्यात माझा चुलतभाऊ, नवरीचा काका, फोन वर धरून दारापाशी आला.

"सरक गो. एक मिनिटाचा व्हिडिओ घेतो."

"नाय."

"अगो घरातलंच हाय ना? आठवण राहील."

त्याने दाराला हात लावला. मी उठले आणि त्याच्या हातातला फोन हिसकावून घेतला. तो अंगावर आला, "वेडी झालीस का?" मांडवातली माणसं बघायला लागली. सासरचे पाहुणे होते, माझा नवरा होता. मी फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. तो शिव्या देत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, आणि मागे गाण्यात आईचा हात खांद्यापाशी अडला, बायांनी तो धरला, खांद्याची झाली, मग मानेची, मग कपाळाची, हळद पुरी झाली. पाऊण तास तरी गेला असेल. दार उघडलं तेव्हा मी फोन त्याच्या हातात ठेवला.

तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. भावजय म्हणते, मोठेपणा घेऊन तूच एक फोन कर. मी नाय करणार.